डाळिंब : निवडावे, सोलावे आणि निवांत खावे

चाकणच्या तळेगाव चौकाच्या अलीकडे सकाळची पाळी सुटण्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला एक-दोन टेम्पो येऊन थांबतात. मागचा फाळका उघडला, की आत डाळिंबांचा ढीग दिसतो. वरच्या बाजूला एखादे फळ मुद्दाम फोडून ठेवलेले असते. त्याचे लालभडक दाणे हीच विक्रेत्याची जाहिरात. कंपनीच्या बसमधून उतरलेले कामगार किलो-दोन किलो फळे डब्याच्या पिशवीत टाकतात आणि घराकडे वळतात. भोसरी, आकुर्डी, निगडी येथेही चित्र फारसे वेगळे नसते.

पुढची कथा मात्र बहुतेक घरांत सारखीच आहे. ती फळे स्वयंपाकघरातील टोपलीत जाऊन बसतात आणि तेथेच राहतात. केळे सोलून हातात घेता येते, पेरू धुऊन चावता येतो. डाळिंबाला वेळ द्यावा लागतो. नवराबायको दोघेही वेगवेगळ्या पाळ्यांत काम करत असतील, तर त्या घरात नेमकी वेळेचीच टंचाई असते. आठवड्याने साल सुकून कडक होते, फळ खराब झाले असे समजून ते कचऱ्याच्या डब्यात जाते आणि पैसे वाया गेल्याची रुखरुख तेवढी उरते. वस्तुतः साल सुकलेल्या त्या फळाच्या आतील दाणे बहुतेक वेळा चांगलेच असतात.

आळंदी ते भगवा

ज्या औद्योगिक पट्ट्यात आज हे फळ टेम्पोतून येते, त्याच पट्ट्याच्या शेजारी, इंद्रायणीकाठच्या आळंदीचे नाव डाळिंबाच्या एका जुन्या वाणाला आहे, हे येथील नव्या रहिवाशांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ‘आळंदी’ हे मध्यम आकाराचे, लाल दाण्याचे, गोड आणि किंचित आंबट रसाचे डाळिंब. चव उत्तम, पण बी कमालीचे टणक. खाणाऱ्याने रस चोखावा आणि चोथा थुंकून टाकावा, अशी त्याची रीत. घरातील वृद्धांना डाळिंब नकोसे वाटत असे, त्यामागे हे टणक बी होते.

पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चिमा यांनी या आळंदी वाणाच्या रोपांमधून निवड करत १९३६ मध्ये मऊ बियांचा एक वाण पुढे आणला. आरंभी तो ‘जीबीजी-१’ अशा रुक्ष नावाने ओळखला जात असे; १९७० मध्ये त्याचे ‘गणेश’ असे नामकरण झाले. पेरूचा ‘सरदार’ अर्थात लखनौ-४९ हा वाणही चिमा यांच्याच काळात याच केंद्रात निवडला गेला. पुणेकरांच्या फळांच्या टोपलीवर या एका संशोधकाचे किती ऋण आहे, याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

‘गणेश’चे बी मऊ आणि गोडी भरपूर; पण साल पिवळसर आणि दाणा फिका गुलाबी. बाजाराला लाल रंग हवा होता. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गणेश’चा संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या लाल दाण्याच्या परदेशी वाणाशी घडवून आणला. त्यातून १९९४ मध्ये ‘मृदुला’ आणि पुढे २००३-०४ च्या सुमारास ‘आरक्ता’ व ‘भगवा’ हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. जाड, चकचकीत केशरी-लाल सालीचा, गर्द लाल दाण्याचा आणि प्रवासात टिकणारा ‘भगवा’ हाच आज बाजारावर राज्य करतो. सोलापूर येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. देशातील निम्म्याहून अधिक डाळिंब महाराष्ट्रात पिकते. चाकणला ते पुणे-नाशिक रस्त्याने सटाणा, मालेगाव, देवळा या भागातून येते, तर सोलापूर रस्त्याने सांगोला, इंदापूरकडून पुण्याच्या बाजारात उतरते.

हा इतिहास सांगण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सालीच्या रंगावरून फळ पिकले की नाही हे ठरवण्याची सवय आपल्याला ‘भगवा’ने लावली. पिवळसर सालीचे ‘गणेश’ समोर आले, की ग्राहक ते कच्चे समजून बाजूला सारतो आणि एका गोड, मऊ फळाला मुकतो. उन्हाळ्याच्या तडाख्यात वाढलेल्या फळांत लाल रंगद्रव्य कमी तयार होते, त्यामुळे तेथे दाणा फिका असला तरी गोडी कमी असेलच असे नाही.

फळ कसे निवडावे

डाळिंब आंब्यासारखे अढीत घालून पिकत नाही. झाडावरून तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. जसे तोडले तसेच ते राहते. त्यामुळे ‘घरी ठेवा, दोन दिवसांत पिकेल’ असे विक्रेता सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पहिली परीक्षा वजनाची. सारख्या आकाराची दोन फळे दोन्ही हातांत घ्यावीत आणि जे जड लागेल ते निवडावे. जडपणा म्हणजे रस. दुसरी परीक्षा आकाराची. चेंडूसारख्या गुळगुळीत गोल फळाच्या मोहात पडू नये. आतील दाणे भरले, की ते सालीला बाहेर ढकलतात आणि फळाला पैलू पडल्यासारखे होतात. बाजू किंचित चपट्या, कडा थोड्या उठलेल्या असे फळ पक्व समजावे. देठाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या मुकुटाच्या पाकळ्या पक्व फळात आतल्या बाजूला मिटू लागतात, हीदेखील एक खूण आहे. काही जाणकार फळावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात. पक्व फळाचा आवाज टणत्कारासारखा येतो म्हणतात. प्रस्तुत प्रतिनिधीच्या कानाला तो फरक अद्याप साधलेला नाही.

सालीवरील डागांविषयी ग्राहकांच्या मनात बराच गोंधळ असतो. तेलकट, काळपट डाग असलेले फळ बहुधा ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाचे असते. या रोगाने राज्यातील कित्येक बागा उद्ध्वस्त केल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कर्दनकाळ आहे. खाणाऱ्याला मात्र त्या जिवाणूपासून धोका नाही. डाग सालीपुरताच असेल आणि साल तडकलेली नसेल, तर आतील दाणे बहुधा चांगले निघतात आणि असे फळ स्वस्तही मिळते. तडकलेले फळ मात्र घेऊ नये, कारण फटीतून बुरशी आत शिरते. तसेच सालीवर बारीक गोल छिद्र दिसले तर ते ‘सुरसा’ अळीचे असते. पौराणिक सुरसेने तोंड पसरून हनुमंताला गिळू पाहिले होते. ही सुरसा फळाला आतून पोखरते.

आणि एवढे सारे पाहूनही फसगत होतेच. मोशीजवळ रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून प्रस्तुत प्रतिनिधीने घेतलेल्या चार देखण्या फळांपैकी दोन आतून तपकिरी निघाली. झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या फळांत दाणे असे आतून मऊ आणि तपकिरी पडतात. बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. असे फळ वजनाला थोडे हलके लागते, एवढाच काय तो सुगावा. तपकिरी दाण्यांना आंबूस वास येतो, ते खाऊ नयेत.

डाळिंब झाडावर वर्षातून तीन वेळा फुलू शकते आणि बागायतदार त्यांतील एकच बहर धरतो. आंबे बहराची फळे साधारण श्रावण-भाद्रपदाच्या आगेमागे, मृग बहराची थंडीच्या दिवसांत आणि हस्त बहराची फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान बाजारात येतात. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे बहर धरले जात असल्याने वर्षभर डाळिंब दिसते.

सुरी कमी, हात जास्त

डाळिंब सोलताना होणारी मूळ चूक म्हणजे लिंबासारखे ते मधोमध कापणे. सुरी आरपार गेली, की वाटेतील प्रत्येक दाणा चिरला जातो. ओट्यावर, भिंतीवर आणि हमखास पांढऱ्या सदऱ्यावर रसाचे शिंतोडे उडतात. फळाची रचना समजून घेतली तर हा प्रसंग टळतो. डाळिंबाच्या आत पातळ, पिवळसर पडद्यांनी तयार झालेले कप्पे असतात. मुकुटाच्या बाजूला पाच-सात मोठे कप्पे आणि देठाच्या बाजूला तीन-चार लहान कप्पे अशी ही दुमजली इमारत आहे. पडद्यांच्या रेषेवरूनच फळ उघडले, तर दाण्यांना धक्का लागत नाही.

मुकुटाच्या भोवती सुरीचे टोक उथळ फिरवून, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल न जाता, एक गोल चकती काढावी. ती झाकणासारखी उचलून येते आणि आत ताऱ्याच्या आकारात पांढरट पडदे दिसतात. प्रत्येक पडदा जेथे सालीला भिडतो, त्या रेषेवरून वरून खाली देठापर्यंत फक्त साल कापली जाईल इतकीच चीर द्यावी. सुरी बाजूला ठेवून दोन्ही अंगठे मधल्या खळग्यात घालावेत आणि फळ हळूच उकलावे. कमळासारख्या पाकळ्या उमलतात. खालच्या मजल्यावरील कप्पे चिरांच्या रेषेत नसतात, ते हातानेच मोकळे करावे लागतात.

आता उरले दाणे सुटे करणे. यासाठी पाण्याने भरलेले पातेले घ्यावे. पाकळी पाण्यात बुडवून अंगठ्याने दाणे सोडवावेत. दाणे जड असल्याने तळाशी बसतात, पापुद्रे हलके असल्याने वर तरंगतात. झाऱ्याने पापुद्रे काढून टाकले आणि पाणी रोवळीतून निथळले, की काम संपले. शिंतोडे उडत नाहीत, दाणे धुतलेही जातात. सवय झाली, की एका फळाला चार-पाच मिनिटे पुरतात. घाई असेल तर दुसरा मार्ग आहे : पाकळी तळहातावर पालथी धरून खाली परात ठेवावी आणि सालीवर लाटण्याने वा लाकडी पळीने टोले द्यावेत. दाणे पटापट गळतात. या मार्गात पापुद्रे दाण्यांबरोबर पडतात आणि ते निवडत बसावे लागते. शिवाय रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या घरात हा ठोकाठोकीचा उद्योग करू नये.

जुन्या घरांत डाळिंब लोखंडी विळीवर चिरू देत नसत. त्या दंडकाला आधार आहे. डाळिंबाच्या सालीत आणि पडद्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. लोखंडाशी त्याचा संयोग झाला, की निळसर-काळा रंग तयार होतो. पात्यावर, बोटांवर आणि कापलेल्या कडांवर तो उमटतो. स्टीलची सुरी वापरली की हा प्रश्न उरत नाही. याच गुणामुळे डाळिंबाच्या साली कापड रंगविण्यासाठी पूर्वीपासून वापरात आहेत, आणि म्हणूनच कपड्यावर पडलेला डागही चिवट असतो. तो घासू नये. लगेच थंड पाण्याने टिपून काढावा आणि नंतर लिंबाचा रस लावून धुवावा. गरम पाण्याने आणि उशिराने डाग बसतो.

दाणे, रस आणि पंगत

रविवारी सकाळी तीन-चार फळे एकदम सोलून ठेवली, तर आठवड्याच्या डब्याची सोय होते. दाणे चांगले निथळून, कोरडे करून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवले की चार-पाच दिवस टिकतात. ओले राहिले तर दोन दिवसांतच आंबतात. अख्खे फळ बाहेर आठवडा-दोन आठवडे आणि फ्रिजमध्ये त्याहून बरेच जास्त टिकते. दाणे ताटात एकेरी पसरून गोठवले आणि मग पिशवीत भरले, तर काही महिने वापरता येतात. मात्र वितळल्यावर त्यांचा कुरकुरीतपणा जातो, म्हणून ते रसासाठीच ठेवावेत.

रस काढताना अर्धे फळ मोसंबीसारखे यंत्रावर दाबू नये. सालीचा तुरटपणा रसात उतरतो. दाणे मिक्सरमध्ये घालून दोन-तीनदा क्षणभर फिरवावेत, म्हणजे रसाची पिशवी फुटते पण बी भरडले जात नाही. मिक्सर सलग चालू ठेवला की बियांचा कडवटपणा येतो. गाळून लगेच प्यावा. बाटलीबंद रसासाठी कारखान्यांत काही वेळा सालीसकट अख्खे फळ दाबतात. त्यामुळे तो रस अधिक तुरट असतो आणि त्यात सालीतील द्रव्येही अधिक उतरतात. घरच्या रसाची आणि त्या रसाची बरोबरी करता येत नाही.

खरे सुख मात्र दाणे खाण्यातच आहे. वाटीभर दाण्यांवर काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरावी. पण ती खाण्याच्या वेळीच, कारण मिठाने पाणी सुटते. काकडीच्या कोशिंबिरीत मूठभर डाळिंब, घट्ट दही, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि दाण्याचे कूट घालावे (येथे दाणे शेंगदाण्यांचे). दहीभातावर हिंग-मोहरीची फोडणी गार झाल्यावर दाणे पेरावेत. पोह्यांवर, भेळेवर, दाबेलीत, श्रीखंडावर ते शोभतात आणि चवही देतात. ‘डाळिंबी उसळ’ या नावाने नव्याने मराठी शिकणारे हमखास फसतात. तिच्यात डाळिंबाचा अंशही नसतो. मोड आणून सोललेले कडवे वाल डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसतात, म्हणून ते नाव. चाटमध्ये पडणारा अनारदाणा मात्र डाळिंबाचाच, पण तो आपल्या गोड वाणांचा नव्हे. हिमालयाच्या उतारावर उगवणाऱ्या आंबट रानटी डाळिंबाचे ते वाळवलेले दाणे होत.

बी गिळावे की थुंकावे, हा घराघरांतील वाद आहे. मऊ बियांच्या वाणांत बी खुशाल चावून खावे. त्यातून तंतुमय पदार्थ मिळतात. तान्ह्या व अगदी लहान मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत. घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी दाणे कुस्करून, गाळून द्यावेत.

रक्त वाढते का?

शहरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर फळांच्या गाड्यांवर डाळिंब असतेच. आजाऱ्याला भेटायला जाताना डाळिंब न्यावे, बाळंतिणीला डाळिंबाचा रस द्यावा, ‘रक्त कमी आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरी डाळिंबे आणावीत, ही रीत खोलवर रुजली आहे. लाल रसाने लाल रक्त वाढते, असा त्यामागचा सरळ हिशेब. हा हिशेब तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. दोन स्त्रियांमागे एक, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घरातील हा प्रश्न आहे.

डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा आहे, लोहाचा नव्हे. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यानुसार १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. ही गरज केवळ डाळिंबातून भागवायची म्हटले, तर रोज नऊ किलोंहून अधिक दाणे खावे लागतील. फळाच्या वजनात दाण्यांचा वाटा निम्मा ते साठ टक्के धरला, तर पंधरा किलोंहून अधिक फळे झाली. टेम्पोतील निम्मा ढीग घरी आणला तरी तो आठवडा पुरणार नाही.

याचा अर्थ डाळिंब निरुपयोगी आहे असा नव्हे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि १० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते, पोटॅशियमही चांगले मिळते. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला त्याने चव येते, आणि ही गोष्टही लहान नाही. पण सासूबाई प्रेमाने रोज ग्लासभर रस देत आहेत म्हणून सुनेने लोहाच्या गोळ्या बंद केल्या, तर महिन्यांमागून महिने थकवा तसाच राहतो आणि बाळंतपण जवळ आल्यावर धावपळ होते. रस द्यावा, गोळी थांबवू नये. गोळीची वेळ आणि पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियममुळे डाळिंबावर बंधन घातले जाते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनीही रोज रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. मधुमेह असेल तर रसापेक्षा मोजके दाणे बरे, कारण गाळलेल्या रसात साखर राहते आणि चोथा जातो.

साल आणि कुंडी

सोलल्यावर फळाचा जवळजवळ अर्धा भाग हातात उरतो. आयुर्वेदात डाळिंबाला मानाचे स्थान आहे. दाडिमाष्टक चूर्ण प्रसिद्धच आहे. जुलाबावर सालीचा काढा देण्याची घरगुती प्रथाही जुनी आहे. तरीही बाजारातील फळांवर औषधांची फवारणी झालेली असते हे लक्षात घेता, वाट्टेल त्या फळाची साल उकळून मुलांना पाजणे शहाणपणाचे नाही. मुळाच्या सालीच्या वाटेला तर जाऊच नये, तिच्यात विषारी अल्कलॉइडे असतात. साली ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकाव्यात किंवा बारीक तुकडे करून गच्चीवरील खतात मिसळाव्यात. कडक असल्याने त्या कुजायला वेळ घेतात.

काही घरांत मुले हौसेने बी कुंडीत पुरतात. ते उगवतेही. मात्र बियांपासून वाढलेले झाड आईसारखेच फळ देईल असे नाही, म्हणूनच बागायतदार गुटी कलम लावतात. ‘गणेश’ हा वाणदेखील आळंदीच्या बियांपासून उगवलेल्या रोपांतूनच निवडला गेला होता, हे खरे. पण तेथे निवडणारे डोळे डॉ. चिमांचे होते. फळांची अपेक्षा असेल तर रोपवाटिकेतून भगव्याचे गुटी कलम आणून मोठ्या कुंडीत, दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी लावावे. फळे दोन-तीन वर्षांनी धरतील. गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींमध्ये लागणारे डाळिंबाचे पान मात्र पहिल्याच भाद्रपदात घरच्या घरी मिळेल.